गाडी सोडली, वाटाड्या घेतला: रतनगड ते पाचनई, एका गटाचा हिशेब

डोंबिवलीचे पाच जण. तीन मुली, दोन मुलगे, सगळे पंचविशीच्या आसपास आणि सगळ्यांच्या नोकऱ्या नव्या. त्यांना रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जायचं होतं आणि ते माणशी तीन हजारांत बसवायचं होतं. गटातली एक माझी भाची. माझं बरंच आयुष्य सह्याद्रीत भटकण्यात गेलंय, म्हणून 'आत्या, जरा बघ ना' म्हणत तिने आराखडा माझ्याकडे पाठवला. परत आल्यावर खर्चाची वही माझ्या हातात दिली आणि पाचही जणांनी मी विचारलं ते सगळं मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या परवानगीने, नावं न देता, हे प्रकरण इथे मांडते आहे.

मांडावंसं वाटलं याला कारण आहे. कमी खर्चात भटकंती म्हटलं की लोक सगळीकडून थोडं थोडं छाटत बसतात: जेवणात थोडं, मुक्कामात थोडं, बुटांत थोडं. या गटाने तसं केलं नाही. एकाच ठिकाणी मोठी कात्री लावली आणि तिथे सुटलेले पैसे दुसरीकडे हात न आखडता खर्च केले. ती जागा निवडण्यात त्यांचं खरं शहाणपण होतं.

वाट

रतनवाडी हे अकोले तालुक्यातलं गाव, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पार मागच्या टोकाला. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. गावात अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे; नुसतं ते पाहायलाही इथवर यावं. गडाची वाट आधी नदीकाठाने जाते, मग दाट रानात शिरते आणि शेवटी लोखंडी शिड्यांनी गणेश दरवाजात पोहोचते. माथ्यावर नेढं आहे, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की वारा अंगावर येतो आणि समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, पलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई आणि दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर उभा असतो.

रानात, शिड्यांच्या बरीच अलीकडे, एक फाटा फुटतो. ती वाट कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे उतरते आणि कुमशेत, पेठेची वाडी करत पाचनईला जाते. पाचनई हा हरिश्चंद्रगडाचा सर्वांत सोपा पायथा. मूळ आराखड्यात तिथून गड चढून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचं होतं आणि खुबी फाट्यावर माळशेज घाटातून कल्याणकडे जाणारी एसटी पकडायची होती. हा शेवटचा टप्पा बदलला. का, ते पुढे येईलच.

या भागातली गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेशाची पावती फाडावी लागते आणि गडावरच्या मुक्कामाबद्दल वनविभागाच्या नाक्यावर विचारूनच ठरवावं लागतं. मुलांनी ही अडचण सरळ टाळली. मुक्काम गावातच करायचे, गडावर जाऊन यायचं, असं त्यांनी ठरवलं. तंबू नेला नाही, स्टोव्ह नाही, भांडी नाहीत. प्रत्येकाच्या पाठीवरचं वजन निम्म्याच्या आसपास आलं.

पहिला निर्णय: गाडी

सुरुवातीचा बेत भाड्याच्या गाडीचा होता. पाच जण, एक मोठी गाडी, दारातून दारात. चौकशीत त्यांना प्रतिकिलोमीटर १४ रुपये आणि रोजचे किमान ३०० किलोमीटर असा भाव मिळाला. बाहेरगावच्या भाड्याची ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. गाडी धावो वा उभी राहो, दिवसाचे किमान किलोमीटर मोजून द्यावे लागतात. चार दिवसांचे १६,८०० रुपये होत होते. चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. आणि त्यातले मधले दिवस ही मंडळी रानात चालत असणार, गाडी गावात उभी.

फक्त सोडायला आणि फक्त आणायला अशा दोन वेगळ्या फेऱ्यांचा भाव त्याहून कमी होता. पण परतीची गाडी कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, किती वाजता बोलवायची हे आधीच सांगावं लागत होतं आणि त्यासाठी आगाऊ रक्कम भरायची होती. स्वतःची गाडी काढणंही एकाला सुचलं होतं. ती रतनवाडीत लावायची, म्हणजे फिरून रतनवाडीतच यायला हवं. मग कात्राबाईची खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरण्याचा बेतच मोडला असता. सह्याद्रीतल्या रांगेवरच्या ट्रेकची हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी असली की तुम्ही तिच्याशी बांधलेले असता आणि निघालात तिथेच परत येता. एसटीने आलेला माणूस एका खोऱ्यातून चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकतो. गाडी सोडल्यामुळे पैसे वाचले हे खरं, पण गाडी सोडली म्हणूनच हा ट्रेक शक्य झाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग मार्ग असा ठरला. मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईहून सुटणारी शेवटची कसारा लोकल. डोंगरात जाणाऱ्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांची ही गाडी. शनिवारी रात्री तिच्या डब्यात सॅक जास्त आणि माणसं कमी दिसतात. पहाटे तीनच्या आसपास ती कसाऱ्याला टेकते. स्टेशनवर उजाडायची वाट पाहायची, मग घाट चढून घोटीला जाणारी शेअर जीप. घोटीहून बारीमार्गे जाणाऱ्या एसटीने शेंडी, म्हणजे भंडारदरा. शेंडीपासून रतनवाडीपर्यंत मात्र जीप ठरवून.

एसटीत तिन्ही मुलींना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये राज्यभर निम्मं भाडं आहे. रकमेत पाहिलं तर या सहलीत काही फार मोठी बचत झाली नाही, पण भाचीने एक गोष्ट सांगितली ती मला मोलाची वाटली. तिच्या मैत्रिणीच्या घरी परवानगी मिळताना 'एसटीने जातोय, एसटीने येतोय' हे वाक्य उपयोगी पडलं. अनोळखी चालकाच्या गाडीपेक्षा लाल गाडीवर तिच्या आईचा विश्वास जास्त.

दिवस कोणते निवडले

सुट्टी सोमवार ते बुधवार घेतली आणि शनिवारी रात्री निघाले. मला हा या आराखड्यातला सर्वांत चतुर भाग वाटला. शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर जत्रा असते. कोकणकड्याच्या काठावर बसायला जागा शोधावी लागते आणि पायथ्याच्या घरांत पाहुण्यांची रीघ असते. यांनी रविवारी रतनगड केला आणि सोमवारपासून गर्दीच्या उलट चालले. रविवारी दुपारनंतर गड रिकामा व्हायला लागतो. त्यांना नेढ्यात बराच वेळ एकट्यांना बसायला मिळालं. त्याला पैसे पडले नाहीत, फक्त रजा पडली.

महिना जानेवारीचा. दिवस लहान, संध्याकाळी सहा वाजून गेले की अंधार, पण ओढे उतरलेले, कातळ कोरडे आणि हवा स्वच्छ. पावसाळ्यात ही वाट नवख्यांनी धरू नये. २०२३च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पावसात आणि धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातल्या एकाचा जीव गेला. तो गड सोप्या वाटेने दोन-तीन तासांत चढता येतो, आणि तरीही असं होतं. मी आराखडा पाहताना महिना आधी पाहिला, खर्च नंतर.

दुसरा निर्णय: वाटाड्या

इथे गटात खरा वाद झाला.

हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने वाटाड्याचे ३,५०० रुपये वहीतून खोडून टाकले होते. तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. फोनमध्ये वाटेचा जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे आधी गेलेल्यांच्या चालीची नोंदलेली रेषा होती, नकाशा ऑफलाइन उतरवून घेतलेला होता, दोघांनी आधी बरेच किल्ले केलेले होते. रतनगडाची वाट मळलेली आहे. माणशी सातशे रुपये वाचत असतील तर का वाचवू नयेत?

मी तिला एवढंच विचारलं, की फाट्यापासून कुमशेतपर्यंत कुणाचा पाय मुरगळला तर नकाशा काय करेल? रतनगडासाठी वाटाड्या नसला तरी चालेल, असं मला वाटतं. कात्राबाईच्या खिंडीसाठी नाही. त्या रानात ढोरवाटा फार. गुरं जिथून जातात तिथे वाट होते, आणि ती ट्रॅकच्या रेषेला समांतर वीस-तीस मीटरवरून बराच वेळ छान सोबत करते. मग हळूच दरीच्या बाजूला वळते. दाट झाडीत आणि कड्याखाली फोनवरचा ठिपका तेवढ्या अंतराने इकडेतिकडे सरकतोच. मुंबईच्या रस्त्यावर तीस मीटरची चूक म्हणजे समोरचं दुकान. तिथे तीस मीटरची चूक म्हणजे वेगळी घळ.

शेवटी रतनवाडीतल्याच, पन्नाशीच्या एका मामांना दोन दिवसांसाठी ठरवलं. दिवसाचे दीड हजार, आणि पाचनईहून त्यांच्या परतीच्या प्रवासाचे पाचशे वेगळे. हे परतीचे पैसे बरेच गट विसरतात. वाटाड्या तुम्हाला पलीकडे पोहोचवतो आणि मग त्याला एकट्याला घरी यायचं असतं; ते पैसे त्याच्या मजुरीतून कापले जाणं योग्य नाही. घासाघीस करायची नाही, हे मी स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यांनी केली नाही. जो माणूस पाच जणांचा जीव सांभाळणार आहे त्याच्याकडून दोनशे रुपये सोडवून घेण्यात कसली बचत?

बुटांची गोष्ट

मी प्रत्येकाला सांगितलं होतं, की सॅक मागून आणा, झोपायच्या पिशव्या क्लबकडून आणा, हेडटॉर्च शेजाऱ्यांची चालेल, पण बूट स्वतःचे आणि किमान महिनाभर वापरलेले हवेत. महागाचे नकोत. सह्याद्रीत कित्येक वर्षं लोक अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंगचे बूट घालून फिरताहेत. कोरड्या कातळावर त्यांची पकड चांगली आणि किंमत नव्या नोकरदाराला झेपेल अशी.

चौघांनी ऐकलं. पाचव्याने मोठ्या भावाचे बूट घातले. बूट चांगलेच होते, फक्त अर्ध्या नंबराने मोठे. त्याचा हिशेब असा, की बाराशे रुपये वाचले.

सोमवार

रविवार ठरल्याप्रमाणे पार पडला. रतनवाडीत ज्या घरी उतरले तिथल्या मावशींनी संध्याकाळी नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वरण-भात वाढला. सोमवारी सकाळी मात्र निघायला उशीर झाला. साडेसहाला निघायचं ते सव्वाआठ वाजले. पाच जणांचं आवरणं, नाश्ता, सोबत न्यायच्या भाकऱ्या, सगळं एकामागून एक. मामा साडेसहापासून ओट्यावर तयार बसले होते. जानेवारीत पावणेदोन तास म्हणजे दिवसाच्या उजेडाचा मोठा तुकडा, आणि त्याची किंमत दुपारनंतर कळते.

फाट्यापासून पुढे ढोरवाटांचा प्रश्न आला, तसा येणारच होता. हिशेबवाली मुलगी मुद्दाम फोन हातात धरून चालत होती. मला तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की तीन ठिकाणी ती स्वतः दुसऱ्या वाटेला लागली असती. एका ठिकाणी तर ट्रॅक आणि पायाखालची ठळक वाट एकमेकांशी अगदी जुळत होत्या आणि मामा तरीही कारवीच्या झुडपांतून वर निघाले, कारण पुढे ती वाट पावसात खचली होती. असं काही नकाशात नसतं. ते त्या पावसाळ्यानंतर तिथून गेलेल्या माणसालाच माहीत असतं.

खिंडीच्या पलीकडचा उतार तीव्र आणि मुरमाड. तिथे मोठ्या बुटांत पाय पुढे सरकत होता. बोटं आपटत होती, टाच सुटत होती, आणि एका वळणावर त्या मुलाचा घोटा मुरगळला. हाड मोडलेलं नव्हतं. बोटं हलत होती, टेकून उभं राहता येत होतं, पण सूज चढायला लागली. क्रेप बँडेज बांधलं. मामांनी कोयत्याने काठी तोडून दिली आणि त्याची सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली. कुमशेतला पोहोचायला दोनऐवजी साडेतीन वाजले.

आता निर्णय घ्यायचा होता. पाचनईपर्यंत अजून काही तासांची चाल, पुढे अंधार, एक जण लंगडत. गटाने निघण्याआधी माणशी हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले होते. ठरलेल्या तीन हजारांत ते धरलेले नव्हते. अडचणीशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तरीही पाकीट उघडताना दोघांनी काचकूच केली, असं भाचीने सांगितलं. 'थोडं थोडं चालत जाऊ, जमेल' असं जखमी मुलगाच म्हणत होता. कमी खर्चाच्या सहलीत नेमका हा क्षण धोक्याचा असतो. आकडा पाळण्याची जिद्द चढलेली असते आणि ती शरीराच्या तक्रारीवर मात करू पाहते. मामांनी विषय संपवला. 'पाय उद्या पण लागणारे,' एवढंच ते म्हणाले आणि गावातल्या एका जीपवाल्याला हाक मारली.

गाडीरस्ता मोठा वळसा घालून जातो, त्यामुळे १,५०० रुपये झाले. जखमी मुलगा आणि एक मुलगी जीपने गेले. उरलेले तिघे मामांबरोबर पेठेच्या वाडीवरून चालत, शेवटचा तुकडा हेडटॉर्चच्या उजेडात, पाचनईला पोहोचले. आपत्कालीन ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक पाचही फोनमध्ये नोंदवलेला होता. तो लावण्याची वेळ आली नाही, आणि मध्ये बराच काळ रेंजही नव्हती. रेंज नसते तिथे वाटाड्याच तुमचा पहिला मदतनीस असतो, दुसरा असतो गावातला जीपवाला.

भावाच्या बुटांत बाराशे वाचले होते. जीपला पंधराशे गेले.

बेत बदलला

मंगळवारी सकाळी सूज थोडी उतरली होती, पण तोलार खिंडीकडची उतरण अशा पायाने करणं शहाणपणाचं नव्हतं. मग खिरेश्वरचा टप्पा सोडून द्यायचा आणि पाचनईहूनच परत फिरायचं ठरलं. एक मैत्रीण जखमी मुलासोबत गावात थांबली. तिघं लगेच हरिश्चंद्रगडावर गेले, दुपारी उशिरापर्यंत उतरले.

हा बदल करायला त्यांना जवळजवळ काहीच खर्च आला नाही, आणि हे मला या प्रकरणातून सर्वांत जास्त शिकण्यासारखं वाटतं. खिरेश्वरला खोली राखून ठेवलेली नव्हती, खुबी फाट्यावर गाडी बोलावलेली नव्हती, कुठेही आगाऊ रक्कम अडकलेली नव्हती. हेच जर परतीची गाडी खिरेश्वरला येणार असती, तर त्या मुलाने त्या पायाने तोलार खिंड उतरण्याचा हट्ट धरला असता, याची मला जवळपास खात्री आहे. भरलेले पैसे माणसाला पुढे ढकलतात. आडवाटेच्या प्रवासात आधी पैसे भरून मिळणारी सवलत मी म्हणूनच फार तपासून घेते; सपाटीवरच्या शहरी सहलीत ती ठीक, जिथे पाय आणि हवामान ठरवणार तिथे नाही.

गडावर गेलेल्या तिघांचं बोलणं ऐकताना मला फार बरं वाटलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी केदारेश्वराच्या गुहेत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. थंडगार पाण्याच्या मधोमध ते प्रचंड शिवलिंग आणि वरचं छत पेलणारा, चारांपैकी उरलेला एकच खांब. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालताना पाय बधिर होतात. मग कोकणकडा. पोटावर झोपून, कडेपासून अंतर राखून खाली पाहिलं की कातळाची अर्धगोल भिंत आत वळलेली दिसते, आणि तळातलं कोकण आहे त्याहून दूर वाटतं. माझ्या भाचीने पहिल्यांदा पाहिला. ती म्हणाली, 'आत्या, मी काही बोललेच नाही बराच वेळ.' या पोरीला गप्प बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

गावात थांबलेल्या दोघांचा दिवसही वाया गेला नाही. घरातल्या आजींनी पायाला गरम पाण्याचा शेक दिला, आणि ती दोघं अंगणात बसून वाल सोलायला मदत करत राहिली.

बुधवारी सकाळी पाचनईहून जीपने राजूर, राजूरहून एसटीने घोटी, पुढे शेअर जीपने कसारा आणि लोकल.

वही काय सांगते

पाच जणांचा मिळून खर्च १६,९६० रुपये, माणशी ३,३९२. ठरवलेल्या तीन हजारांपेक्षा जास्त. जादा खर्च राखीव पाकिटातून निघाला आणि प्रत्येकाला सहाशे रुपयांहून थोडे अधिक परत मिळाले.

मला मात्र एकूण आकड्यापेक्षा तो कुठे गेला हे पाहण्यात रस होता. जाण्या-येण्याचा नेहमीचा प्रवास, म्हणजे लोकल, शेअर जीप, एसटी आणि दोन ठरवलेल्या जीप, मिळून २,८६०. रतनवाडी आणि पाचनईतला मुक्काम आणि जेवण ७,५००. मामांचे ३,५००. कुमशेतची जीप १,५००. सुका खाऊ आणि औषधं १,०००. वनविभागाच्या पावत्या आणि गडावरचं लिंबू-सरबत वगैरे ६००.

मुक्काम, जेवण आणि वाटाड्या धरले तर ११,००० होतात. एकूण खर्चाच्या जवळजवळ दोनतृतीयांश पैसे थेट रतनवाडी आणि पाचनईच्या घरांत गेले. भाड्याच्या गाडीचं भाडंच १६,८०० होणार होतं. त्या एका आकड्यात यांचा जवळपास सगळा ट्रेक झाला, आणि पैसे अशा गावांत उतरले जिथे पावसाची एकच शेती आहे आणि उरलेलं वर्ष पाहुण्यांवर किंवा बाहेरच्या मजुरीवर चालतं. देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात फुकट झोपता आलं असतं, कित्येक गट झोपतातही. या मुलांनी घरी उतरून पैसे दिले याचा मला अभिमान वाटतो. कमी खर्चाचा भार यजमानावर पडत असेल, तर तो खर्च कमी झालेला नसतो, फक्त दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो.

रोख रक्कम त्यांनी शंभर-दोनशेच्या नोटांत नेली होती, तेही बरं झालं. रेंज नसलेल्या गावात मोबाइलवरून पैसे देण्याचा भरवसा धरता येत नाही, आणि पाचशेची मोड एका झोपडीतल्या सरबतवाल्याकडे मागणं बरं नाही.

याच वाटेने कमी पैशांत जाता आलं असतं का? स्वतःच्या मापाचे बूट असते तर कदाचित कुमशेतची जीप वाचली असती. सोमवारी वेळेवर निघाले असते तर मुरगळूनही उजेडात पाचनई गाठण्याची थोडी शक्यता होती. शेंडी ते रतनवाडी जीपमध्ये आणखी एखाद्या गटाला सोबत घेता आलं असतं. त्या सकाळी शेंडीच्या चौकात सॅकवाले दिसत होतेच, यांनी विचारलं नाही. बाकी कुठे काही कमी करावं असं मला वाटत नाही. वाटाड्याचे पैसे खोडणारी मुलगी आता म्हणते, की पुढच्या वेळी ती रक्कम वहीत पहिल्या ओळीत लिहिणार.

पुढची वेळ कुठली, तेही ठरलं आहे. नेढ्यातून दिसलेले अलंग, मदन, कुलंग त्यांच्या डोक्यात बसले आहेत. पण तिथे हा हिशेब चालणार नाही, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. मदन आणि अलंगच्या कातळटप्प्यांवर दोर लागतो, दोराला अडकवायचा कमरपट्टा म्हणजे हार्नेस लागतो, आणि दोर लावणारा माणूस शिकलेला आणि सराव असलेला लागतो. अशा ठिकाणी अनुभवी गिर्यारोहण क्लबबरोबर, त्यांची पूर्ण फी भरून जायचं. एसटीने जाऊन प्रवासातले पैसे जरूर वाचवावेत, दोरातले नाही. पाचही जण आता दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकताहेत, आणि पाचव्याने पहिल्याच महिन्यात बूट घेतले.